स्टेशनचं नाव लावणारी माणसं

कॅप्टन कुक व्हिक्टोरिया नदीच्या काठी कधीच आला नव्हता. 1770 साली त्याचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागलं, 1779 साली हवाई बेटांवर तो मारला गेला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या आतल्या ज्या मुलखातून ही नदी वाहते, तिथं त्याचं पाऊल कधी पडलं नाही. पण याच नदीकाठच्या यारालिन नावाच्या वस्तीत हॉबल्स दनायारी हे वडीलधारे आदिवासी गृहस्थ कॅप्टन कुकची गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत कुक सिडनीला उतरतो, मग डार्विन गाठतो, आणि बंदुका नि घोडे देऊन आपली माणसं हॉबल्स यांच्या मुलखाकडे धाडतो. डेबोरा बर्ड रोझ या मानववंशशास्त्रज्ञ 1980पासून यारालिनला जाऊन राहिल्या, तेव्हा त्यांनी ही गोष्ट ऐकून लिहून ठेवली.

पहिल्यांदा वाचणारा साहजिकच तारखा तपासतो आणि पुस्तक मिटतो. मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली, कारण हॉबल्स यांना तारखेशी देणंघेणंच नाही. त्यांची तक्रार दुसरीच आहे. त्या मुलखात परक्या माणसानं थेट पाणवठ्यावर जायचं नसतं. शिवेवर थांबायचं. ज्यांचा मुलूख, त्यांनी येऊन आत न्यायचं. मग ते त्या जागेला मोठ्यानं हाक मारून सांगतात, ही माणसं आमच्याबरोबर आली आहेत, आणि पाहुण्याच्या डोक्यावर तिथलं पाणी शिंपडतात. कुकनं असलं काही केलं नाही. तो आला, त्यानं कुणाला विचारलं नाही, आणि त्याच्या मागून आलेल्या कुणीच विचारलं नाही. शंभर वर्षांत आलेले सर्वेक्षक, पोलीस, गुरांचे मालक, मॅनेजर, या सगळ्यांना हॉबल्स यांनी एकच नाव दिलं. आरोप एकच होता, म्हणून आरोपीही एकच.

डार्विनला नोकरीसाठी येऊन राहिल्यापासून मी या मुलखातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज ऐकते आहे. रेडिओवर, जुन्या ध्वनिमुद्रणांत, कधी समोर बसून. आपल्या मराठी मंडळींशी ऑस्ट्रेलियाबद्दल बोलताना क्रिकेट, मेलबर्नमधल्या घरांचे भाव आणि मुलांच्या युनिव्हर्सिट्या एवढंच निघतं. या आवाजांबद्दल मराठीत कुणीतरी लिहायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आधी थोडं स्टेशनबद्दल. इथलं स्टेशन रेल्वेचं नव्हे. गुरं पोसायला सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेला अफाट मुलूख म्हणजे स्टेशन. एकेक स्टेशन आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढं. कुंपण नावापुरतं, मधोमध एक ठाणं, तिथं मॅनेजरचं घर, स्वयंपाकघर, गोदाम, लोहारशाळा, गुरांचे कोंडवाडे. वेव्ह हिल स्टेशन 1883 साली नॅट बुकॅनन यानं उभं केलं, हजारो गुरं पूर्वेकडून हाकत आणून. गुरांना पाणी लागतं, आणि त्या कोरड्या मुलखात बारमाही पाण्याचे डोह मोजकेच. ते डोह गुरिंजी, मलंगिन, बिलिनारा, नगरिन्मन अशा लोकांचे होते. मासे तिथं, कमळकंद तिथं, कांगारू पाण्यावर येणार तेही तिथंच. गुरांच्या खुरांनी काठ तुडवले, पाणी गढूळ झालं, शिकार पांगली. मग भुकेल्या माणसांनी भाला टाकून गाय मारली की घोडेस्वारांची टोळी निघायची. सरहद्दीवरचं जगणं म्हणजे मुळात पाण्याचा हा तंटा होता. बाकी सगळं त्यातून उगवलं.

हे तोंडी सांगितलं की लोक पुरावा मागतात. कागदावरचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. एमिली क्रेग नावाची इंग्रज बाई 1883 साली एका शोधमोहिमेबरोबर उत्तर ऑस्ट्रेलियात फिरत होती आणि रोजनिशी लिहीत होती. क्वीन्सलंडमधल्या लॉन हिल भागातल्या जॅक वॉटसन याच्या घरात भिंतींवर आदिवासींच्या कानांच्या चाळीस जोड्या खिळ्यांनी ठोकल्याची नोंद तिनं केली आहे. हवापाण्याबद्दल लिहावं तितक्या सहज. हाच वॉटसन पुढं व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्स या प्रचंड स्टेशनचा मॅनेजर झाला, म्हणजे हॉबल्स यांच्या बापजाद्यांच्या मुलखात आला, आणि 1896 साली कॅथरीन नदीत बुडून मेला. ती रोजनिशी वाचल्यावर कुकच्या गोष्टीतला घोडेस्वार मला अतिशयोक्त वाटेना.

सांगणाऱ्यांची शिस्त मात्र कागदवाल्यांनी शिकावी अशी आहे. कुणीही उठून कुठलीही गोष्ट सांगत नाही. ती गोष्ट माझी नाही, तिच्यावर अमक्याचा अधिकार आहे, त्याला विचारा, असं सरळ सांगतात. अधिकार असेल तर सुरुवात जागेपासून होते. कुठला ओढा, कुठला डोह, कुठल्या टेकडीच्या पायथ्याशी. मग कुणी पाहिलं, तो माझा कोण लागतो, त्यानं कुणाला सांगितलं. आजोबा झाडीत लपले होते, त्यांनी माझ्या वडिलांना ती जागा दाखवली, वडिलांनी मला. ऐकणाऱ्याला तिथं नेऊन उभं करता आलं तर उत्तमच. तारीख विचारली तर उत्तर मिळत नाही, पण त्या वेळी कुणाची आई कुणाला पाठीवर घेऊन कोणत्या बाजूला पळाली हे मिळतं. आणि एखादा सांगणारा वारला की त्याचं नाव घेणं बंद होतं, त्याचा आवाज असलेली फीत बाजूला ठेवली जाते. काही वर्षांनी घरच्यांनी परवानगी दिली की आवाज परत येतो. म्हणून इथल्या टीव्हीवर कार्यक्रमाआधी सूचना येते की यात मृत व्यक्तींचे आवाज आणि चित्रं असू शकतात. नव्यानं इथं आले तेव्हा ती सूचना मला सरकारी वाटायची. आता ती दिसली की मी आपोआप सावरून बसते.

नावांचा विषय निघालाच आहे तर आडनावांचंही सांगते. रॉनी वेव्हहिल, बिडी वेव्हहिल ही गुरिंजी वडीलधाऱ्यांची नावं. पश्चिमेकडच्या किंबर्ली भागातले मोठे चित्रकार पॅडी बेडफर्ड हे बेडफर्ड डाउन्स स्टेशनवर जन्मले, म्हणून बेडफर्ड, आणि तिथल्या मॅनेजरचं नाव पॅडी क्विल्टी, म्हणून पॅडी. म्हणजे पहिलं नाव साहेबाचं, आडनाव साहेबाच्या स्टेशनचं. ते गिजा या आदिवासी समाजाचे, स्वतःचं गिजा नाव होतंच, नात्याच्या वर्गांची नावंही होती, जशी गुरिंजींत जांगाला, नांगाला असतात. पण मॅनेजरच्या वहीत ती बसत नव्हती. ज्या क्विल्टीचं नाव पॅडी बेडफर्ड यांनी जन्मभर लावलं, त्याच्याच काळात त्या स्टेशनवर काय घडलं ते पुढं सांगते.

वेव्ह हिलचं पहिलं ठाणं 1924च्या पुरात वाहून गेलं. मग ते जिनपराक या उंचवट्यावरच्या जागी हलवलं, नदीपासून लांब. गोऱ्यांच्या घरांना पाणी मिळालं. काळ्या माणसांच्या वस्तीत पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या खोपट्या, आत वाकूनच शिरता येईल इतक्या बुटक्या. ना नळ, ना संडास. मजुरी म्हणून पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि गोमांसाचे हाडाळ तुकडे. पुरुषांना थोडीफार नाणी मिळायची, तीही पुष्कळदा स्टेशनच्याच दुकानात जिरायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला मालक असलेल्या वेस्टी कंपनीनं रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याला बोलावलं. कंपनीला प्रश्न पडला होता की मजुरांची संख्या का घटते आहे. जोडप्याला उत्तर लगेच दिसलं. खायला पुरत नव्हतं, मुलं कमी जन्मत होती आणि जन्मलेली जगत नव्हती. हे सगळं पुस्तकरूपानं लोकांपुढं यायला 1987 साल उजाडलं. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात, आणि मी तोच शब्द वापरणार.

काल्करिंजीला दर ऑगस्टमध्ये फ्रीडम डेचा मेळावा भरतो. कॅथरीनहून नैर्ऋत्येला दिवसभर गाडी चालवल्यावर हे गाव येतं. तिथं एका सावलीच्या मांडवाखाली एक वयस्कर बाई लाकडाचा एक दांडा घेऊन बसल्या होत्या. दोन्ही टोकांना खाचा, खाचांतून लोंबणाऱ्या तारा, तारांना आकडे. मानेला टेकतो तो भाग किंचित खोलगट कोरलेला. मी पाहताक्षणी कावड म्हणाले. त्यांना शब्द कळला नाही, पण मी काय ओळखलं ते कळलं, कारण त्यांनी मला उठवलं आणि दांडा खांद्यावर ठेवला. मग दोन्ही आकड्यांना पाण्यानं भरलेले डबे लावले. दांडा मानेच्या मणक्यावर बसला. पाऊल टाकलं की डबे हिंदकळतात, हिंदकळले की तार पोटरीला घासते. त्यांनी माझा हात धरून दाखवलं की दोन्ही हातांनी तारा आतल्या बाजूला ओढून धरायच्या, म्हणजे डबे डोलत नाहीत. जिनपराकला त्यांच्या आईनं आणि मावश्यांनी असं पाणी वाहिलं. साहेबांच्या बागेला, साहेबांच्या स्वयंपाकघराला, साहेबांच्या न्हाणीघराला. बागेत कोबी, टोमॅटो पिकायचे. ते आमच्या वाट्याला यायचे नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढं आईच्या आवाजाची नक्कल करून काहीतरी सांगितलं, त्यावर मांडवातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. मला ते कुणी समजावून सांगितलं नाही. ते त्यांचं होतं.

या हसण्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. कारण या कथनांमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच गोष्टीनं. बाहेरून येणारा माणूस दुःख ऐकायच्या तयारीनं येतो. म्हातारे मात्र घोड्यांबद्दल बोलायला लागतात. कुठला घोडा लाथाळ होता, कुठला रात्रीच्या पहाऱ्याला चांगला. बिथरलेल्या कळपाला रात्री गाणी म्हणून कसं शांत ठेवायचं. मुरांजीच्या कोरड्या वाटेनं शेकडो गुरं पाण्याशिवाय कशी पार नेली. मॅनेजरला वाट कळत नव्हती, नकाशा डोक्यात होता तो आमच्या. वासरांना डाग देताना दोर टाकण्यात अमक्याचा हात कुणी धरला नाही. बायकाही घोड्यावर होत्या, आणि काही स्टेशनांवर पुरुषांचे कपडे घालून गुरं वळायच्या. हे सांगताना त्यांचे हात आपोआप लगाम धरल्यासारखे होतात. ही माणसं अन्यायाबद्दल कमी बोलत नाहीत. मार, कोठडी, उपासमार, गोऱ्या माणसांनी ओढून नेलेल्या बायका, हे सगळं ती सांगतात. पण काम त्यांचं होतं, हुन्नर त्यांचा होता, आणि त्या हुन्नराचा अभिमान मालकाला देऊन टाकायला ती तयार नाहीत.

शिवाय स्टेशनच्या वर्षाची एक फट होती. डिसेंबरपासून पाऊस लागला की रस्ते बंद, गुरांचं काम बंद. मग मजुरांना रानात जायला मोकळीक, कारण त्या काळात त्यांना खायला घालावं लागत नसे. कंपनीचा तो हिशोब होता. लोकांनी त्या फटीत आपलं सगळं आयुष्य ठेवलं. दीक्षाविधी, लग्नांची बोलणी, मुलांना डोंगर-डोह ओळखायला लावणं, गाणी, भांडणं मिटवणं. बूट काढून ठेवायचे आणि चालायला लागायचं. वर्षातले नऊ-दहा महिने साहेबाची गुरं, उरलेले आपला मुलूख. पण नऊ-दहा महिन्यांतही ती त्याच मुलखात असायची, हे विसरता कामा नये. गुरं वळता वळता आजोबांचा डोह रोज नजरेखालून जायचा. म्हणूनच इतक्या हालअपेष्टांत माणसं स्टेशन सोडून गेली नाहीत.

मी सांगली भागातली. आजोळी बैल होते. इथं रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा वशिंड आणि लोंबती पोळी असलेली गुरं पाहिली तेव्हा गाडी थांबवून मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. ही ब्राह्मन जात 1933 साली अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात आली, आणि अमेरिकेत ती घडली ती आपल्याकडून गेलेल्या गुरांपासून. गीर, गुजरातची कांक्रेज, ओंगोल, आणि त्यात थोडी आपली कृष्णाकाठचीही. उन्हाला आणि गोचिडांना टिकतात म्हणून आता सगळा उत्तर भाग त्यांनीच भरलेला आहे. गुरिंजी म्हाताऱ्यांच्या आठवणीतली गुरं मात्र शॉर्टहॉर्न, विलायती.

किंबर्लीतल्या क्वीनी मॅकेन्झी यांची हकिगत मी अनेकांना सांगत असते. त्या टेक्सास डाउन्स स्टेशनवर जन्मल्या. आई गिजा, बाप गोरा. मिश्र रक्ताची मुलं सरकार उचलून नेत असे, म्हणून पोलीस यायचा सुगावा लागला की आई लेकीच्या अंगाला कोळसा फासून तिला काळी करायची. ती मुलगी वाचली, मोठी होऊन गुरं वळणाऱ्यांच्या मुक्कामावर स्वयंपाक करू लागली. एकदा रोव्हर थॉमस हा गडी घोड्याच्या अपघातात सापडला आणि त्याच्या डोक्याची कातडी सोलून निघाली. दवाखाना कुठला? क्वीनीबाईंनी सुई-दोरा घेतला आणि त्याचं टाळकं शिवलं. तो जगला. पुढं 1974च्या नाताळात चक्रीवादळानं डार्विन उद्ध्वस्त झालं, त्यानंतर त्याला स्वप्नांतून एक गीतनाट्य सुचलं, त्यातून तो चित्रं काढू लागला आणि 1990 साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दोन प्रतिनिधींपैकी एक म्हणून गेला. ज्या हातांनी त्याचं डोकं शिवलं त्यांनीही उतारवयात कुंचला धरला. दोघांनी गेरू आणि पांढऱ्या मातीच्या रंगांत आपले डोंगर आणि ओढे काढले. आणि त्याच रंगांत हत्याकांडं काढली.

आता बेडफर्ड डाउन्स. गिजा लोक सांगतात ते असं. 1920च्या दशकात काही पुरुषांनी स्टेशनची एक गाय मारली. त्यांना पकडून विंडमच्या तुरुंगापर्यंत पायी नेलं. सुटका झाली तेव्हा गळ्यात एकेक बिल्ला अडकवून परत पाठवलं. वाटेत भेटलेल्या आपल्याच माणसांनी बजावलं, हे बिल्ले काढून टाका आणि पळा, तुम्हाला मारायचं ठरलेलं आहे. काहींनी ऐकलं. बाकीचे घरी आले, कारण घर तिथंच होतं. काही दिवसांनी त्यांना लाकडं तोडायच्या कामाला नेलं. दिवसभर तोडून मोठी रास रचली. मग जेवण दिलं. डिंगो या रानकुत्र्यांना मारायला प्रत्येक स्टेशनवर स्ट्रिक्नीन हे विष असायचंच, ते त्या जेवणात होतं. माणसं पिळवटून पडू लागली, त्यांना संपवलं आणि त्यांनीच तोडलेल्या लाकडांवर जाळलं. लपून पाहणारे निसटले.

ही हकिगत गाण्या-नाचाच्या रूपात, ज्याला ते जूनबा म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आपसात जपली गेली. 2002 साली गिजा मंडळींनी ती शहरातल्या रंगमंचावर आणली. पॅडी बेडफर्ड त्यात होते. त्यांच्या चित्रांत काळ्या, तपकिरी, पांढऱ्या रंगांचे मोठे शांत आकार असतात, नि ते डोंगर कुठले हे माहीत असलं की शांतपणा नाहीसा होतो. मारणारे कोण याबद्दल गिजा लोक गोलमोल बोलत नाहीत. ज्याचं नाव जन्मभर लावावं लागलं, त्याच्याच स्टेशनची ही गोष्ट त्यांनी म्हातारपणी नाचून दाखवली. याहून मोठं धैर्य मला माहीत नाही.

आणि काही जण म्हणतात, या हत्याकांडाला कागदाचा पुरावा नाही. कागद कसे तयार होत ते कॉनिस्टनच्या प्रकरणात नीट दिसतं. 1928च्या ऑगस्टमध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या कॉनिस्टन स्टेशनजवळ युर्कुरू या पाणवठ्यावर फ्रेड ब्रुक्स या डिंगो पकडणाऱ्या गोऱ्याचा खून झाला. वार्लपिरी लोक सांगतात की त्यानं एका माणसाची बायको ठेवून घेतली आणि ठरलेला मोबदला दिला नाही. त्यानंतर शिपाई जॉर्ज मरे याच्या टोळीनं आठवडेच्या आठवडे मुक्कामामागून मुक्काम शोधून माणसं मारली. ठार करण्यासाठीच गोळ्या झाडल्या, हे त्यानं डार्विनच्या कोर्टात स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सरकारनं तिघांची चौकशी समिती नेमली. त्यातला एक मरेचाच वरिष्ठ. समितीनं आकडा 31 ठरवला आणि सगळ्या गोळ्या स्वसंरक्षणार्थ ठरवल्या. वार्लपिरी, अन्मात्येरे आणि कायटेत्ये कुटुंबं आपापली मेलेली माणसं जागेनिशी मोजतात, ती मोजणी 31च्या फार पुढं जाते. चित्रकार बिली स्टॉकमन यांची आई त्यात गेली. ते तान्हे होते, लाकडी परातीत घालून झुडपाखाली लपवले होते म्हणून वाचले. मोठे झाल्यावर गुरं वळायच्या कामालाच लागले, आडनावच स्टॉकमन, म्हणजे गुरं वळणारा. 2018 साली, नव्वद वर्षांनी, टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी त्या लोकांची माफी मागितली.

क्वीनीबाईंनी मिस्टेक क्रीकच्या 1915च्या हत्याकांडाचं चित्र काढलं होतं. कॅनबेरातल्या राष्ट्रीय संग्रहालयानं ते 2005 साली विकत घेतलं. पण गिजांची हकिगत आणि पोलिसांची टिपणं जुळत नाहीत यावरून वाद पेटलेला होता, म्हणून चित्र वर्षानुवर्षं आतच राहिलं. लोकांना ते पाहायला मिळालं 2020 साली. पोलिसांची टिपणं मात्र सरकारी संग्रहात पहिल्या दिवसापासून होती, त्यांना कुणी दाखले मागितले नाहीत. मला याचा संताप येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

वेव्ह हिलचा संप बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. मार्च 1966मध्ये लवादानं गुरांच्या धंद्यातल्या आदिवासी मजुरांना समान वेतन मान्य केलं, पण मालकांच्या सोयीसाठी अंमल डिसेंबर 1968पर्यंत लांबवला. व्हिन्सेंट लिंगियारी तेव्हा वेव्ह हिलचे मुरब्बी गडी. त्या वर्षी दुखापत होऊन ते डार्विनच्या इस्पितळात होते, तिथं त्यांची युनियनच्या माणसांशी गाठ पडली. 23 ऑगस्ट 1966 रोजी सुमारे दोनशे माणसं, बायका-पोरं-कुत्र्यांसकट, जिनपराक सोडून चालू लागली. शहरातल्या युनियनवाल्यांना वाटलं की मजुरीसाठी संप आहे. पण पुढच्या वर्षी लोक वॉटी क्रीकला, म्हणजे त्यांच्या दगुरागूला जाऊन बसले, तिथून गव्हर्नर जनरलला अर्ज पाठवला आणि 500 चौरस मैल जमीन मागितली, तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हातारे आज सांगतात की बेत आधीपासून तोच होता. युनियनला समजेल अशा भाषेत आधी मजुरी मागितली.

संप सुरू झाल्यापासून नऊ वर्षं ते हटले नाहीत. 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम आले आणि लिंगियारींच्या ओंजळीत त्यांनी लाल माती ओतली. तो फोटो जगभर गेला. तो काढणारे मर्विन बिशप हेही आदिवासीच. प्रत्यक्ष कार्यक्रम मांडवाच्या सावलीत झाला होता, बिशप यांनी दोघांना उन्हात आणून पुन्हा माती ओतायला लावली. लिंगियारी इंग्रजीत एवढंच म्हणाले की आपण आता सगळे दोस्त. वर्तमानपत्रांना ते पुरलं. मग ते आपल्या लोकांकडे वळले आणि गुरिंजीत बराच वेळ बोलले.

फोटोत जे दिसत नाही ते स्टेशनांवर इतरत्र घडलं. समान वेतनाचा नियम लागू झाला आणि मालकांनी हिशोब मांडला. तोवर हेलिकॉप्टरनं गुरं गोळा करता येऊ लागली होती, ट्रकांच्या लांबच लांब गाड्यांनी वाहतूक होऊ लागली होती. गडी नकोसे झाले. अनेक ठिकाणी मजुरांना, त्यांच्या म्हाताऱ्यांना, लेकराबाळांना स्टेशनबाहेर काढलं. फिट्झरॉय क्रॉसिंग, हॉल्स क्रीक, कॅथरीन अशा गावांच्या कडेला ताडपत्र्या उभ्या राहिल्या. काम गेलं, घोडे गेले आणि, सगळ्यात वाईट म्हणजे, आपला मुलूख रोज पाहणं गेलं. हक्क मिळाल्यानं घर सुटावं, असा हा न्याय. समान वेतन देऊच नये असं त्यांच्यातलं कुणीही म्हणत नाही. पैसे आधीपासून द्यायला हवे होते आणि जमीनही परत करायला हवी होती, एवढं साधं त्यांचं म्हणणं आहे. बुडालेल्या मजुरीचा दावा क्वीन्सलंडमध्ये 2019 साली 19 कोटी डॉलरला मिटला. ज्यांनी काम केलं त्यांतले बहुतेक तोवर वारले होते.

गुरिंजींच्या आठवणी 2016 साली गुरिंजी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापल्या गेल्या. त्यासाठी म्हाताऱ्यांनी भाषाशास्त्रज्ञांना आणि तरुण मुलांना गाडीत घालून एकेका जागी नेलं. जिथं माणसं मारली तिथं उभं राहून सांगितलं, जिथं डोह आहे तिथं डोहाबद्दल सांगितलं. चार भिंतींत बसून सांगायला बरेच जण तयार नव्हते. त्या ध्वनिमुद्रणांत मधेच वारा येतो, कुत्रं भुंकतं, कुणीतरी मागून दुरुस्ती करतं की तो माणूस या बाजूला नव्हे, त्या बाजूला पळाला. सांगणारा थांबतो, विचारतो, मान्य करतो आणि पुढं जातो. इतिहासाची तपासणी तिथल्या तिथं होत असते.

सप्टेंबर 2020मध्ये फेडरल कोर्टानं वेव्ह हिल स्टेशनच्या पाच हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जमिनीवर तिथल्या मूळ लोकांचा हक्क मान्य केला. न्यायमूर्ती त्यासाठी जिनपराकला आले. याच जागेवरून 1966 साली सगळे चालत निघाले होते. स्टेशन अजून चालू आहे आणि गुरं भाडेपट्टेदाराचीच आहेत. लोकांना शिकार करायचा, विधी करायचा, मुलांना शिकवायचा हक्क मिळाला, आणि जमिनीखालचं काही काढायला कुणी आलं तर त्यानं आधी त्यांच्याशी बोलायचं आहे.